क्षीण झालेल्या वादळाच्या गावी

भंडारा जिल्ह्यात जाऊन आलो असं आमच्या रत्नागिरीत ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांनी ते नागपूरच्या अलीकडे की पलीकडे असं विचारलं आणि उरलेल्यांनी तिथे बघायला काय आहे असं विचारलं. जाण्यापूर्वी मलाही ही दोन्ही उत्तरं येत नव्हती. आता येतात. दुसऱ्या उत्तरात माझी फारशी शोभा नाही, पण मी गप्प बसलो तर ते जावयाकडून आमच्या आळीत पोहोचेलच, आणि त्याची गोष्ट सांगायची पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे. म्हणून आधी मीच लिहून टाकतो.

मी एकतीस वर्षं किनाऱ्यावरच्या एका हवामान कचेरीत काढली. वरून येणारा इंग्रजी अंदाज मराठीत आणायचा, मच्छीमारांना समजेल असा करायचा आणि संध्याकाळच्या आत बाहेर पाठवायचा, हे माझं काम. 'समुद्र खवळलेला राहील', 'मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये', 'समुद्रात असलेल्या नौकांनी तातडीने किनाऱ्यावर परतावे' ही वाक्यं आपण ऐकली असतील. ती मीच बसवलेली. स्वतः मी तीनदा होडीत बसलो आणि तिन्ही वेळा ओकलो, हा भाग वेगळा. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी हवेचा दाब दाखवणारं एक पितळी वायुभारमापक दिलं. ते मी प्रवासात बरोबर नेतो. काही लोक गणपतीची तसबीर नेतात, त्यातलाच प्रकार.

माझी मुलगी नेहा साकोली तालुक्यातल्या एकोडीला दिली आहे. जावई प्रशांत साकोलीच्या शाळेत शिकवतो. लग्न नागपुरात झालं, त्यामुळे व्याह्यांचं घर मी पाहिलं नव्हतं. दिवाळी झाली, नेहाला सातवा लागला, डोहाळजेवण ठरलं. बायकोने गुडघ्याचं कारण पुढे केलं आणि मला एकट्याला पाठवलं.

शनिवार : लाखनी, चुकून

नागपूरहून एसटीने साकोलीला उतरायचं होतं. मी लाखनीला उतरलो. वाहकाने गाव पुकारलं तेव्हा मी डुलकीत होतो, आणि जागा झाल्यावर विचारण्यापेक्षा उतरणं मला जास्त रुबाबदार वाटलं. लाखनी हे महामार्गावरचं गाव. तिथे उभं राहिलं की देशातलं सगळं लोखंड, कांदा आणि सिमेंट आपल्या समोरून जातं आणि जाताना आपल्यावर थोडी धूळ ठेवून जातं. चहाच्या टपरीवर तर्रीचे पोहे मिळाले. त्यांचा तिखटपणा पाहून मी दुकानदाराला विचारलं की लहान मुलंही हेच खातात का. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं, शेव वाढवली आणि रत्नागिरीचे आंबे एवढे महाग का असतात ते मला विचारलं. माझ्या हातात असतं तर त्याच दिवशी भाव उतरवला असता.

प्रशांत मोटरसायकल घेऊन आला. मी साकोलीऐवजी लाखनीला उतरलो ही बातमी त्याच्या चेहऱ्यावर एकोडीपर्यंत टिकून होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान. उभं धान पिवळं, आणि कापलेलं धान जमिनीवर आडवं, ओळीने पसरलेलं. आमच्याकडे भात कापलं की पेंढ्या बांधून घरी. इथे कापलेलं धान बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या त्या चौकोनी तुकड्यातच, दोन-तीन दिवस उन्हाला टाकतात. त्या पसरलेल्या धानाला कडपा म्हणतात. वाळलं की भारे बांधायचे आणि सगळे भारे एका जागी रचून मोठं पुंजणं करायचं. ओलं बांधलं तर आतून गरम होतं, दाणा काळा पडतो. प्रशांतने हे सगळं सांगितल्यावर मी त्याला आमची कोकणातली पद्धत कशी अधिक शहाणपणाची आहे ते साकोलीपर्यंत समजावलं. पुढे तो जरा जोरात चालवू लागला.

रविवार : एकोडी

व्याही तुळशीरामजी हे कमी बोलणारे, उंच, सावळे गृहस्थ. त्यांच्या कमी बोलण्याची भरपाई विहीणबाई शेवंताबाई करतात. इकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि वाक्याला मागून 'जी' लावतात, त्यामुळे शिवी दिली तरी आदरार्थी वाटेल. मला एकाच दिवसात तीनदा जेवायला घातलं. तलावातले झिंगे, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भात. झिंग्यांना समुद्राची चव नाही असं मी म्हणालो. शेवंताबाई म्हणाल्या की समुद्राला आमच्या तलावाची चव आहे काय ते पाहून सांगा. मी चौथा वडा घेतला.

पण भाताबद्दल मात्र मी एक शब्द काढला नाही, कारण काढण्यासारखं काही नव्हतं. झाकण उघडलं तेव्हा वास ओसरीपर्यंत आला. हा चिन्नोर, इकडचा सुवासिक तांदूळ, गेल्या वर्षीचा उरलेला शेवटचा. तुळशीरामजींची बाकीची जमीन नेहमीच्या धानाखाली असते, ते विकायचं. एका बांधीत मात्र ते फक्त चिन्नोर घेतात, तेही घराचं स्वतःचं बियाणं धरून. त्यांच्या आजोबांनी जे बी राखलं तेच दरवर्षी पुढे चालत आलं आहे, बाजारातला चिन्नोर आणि हा चिन्नोर एक नाही, असं शेवंताबाईंचं म्हणणं. त्यातलंच नव्या वर्षाचं थोडं धान कांडून नेहाच्या डोहाळजेवणाला शिजणार होतं, आणि त्यातलंच पुढच्या पेरणीला ठेवायचं होतं. ती बांधी शनिवारीच कापून झाली होती. म्हणजे मी आलो तेव्हा त्या घराचं बी उघड्यावर, कडपा होऊन पडलं होतं.

वायुभारमापक मी ओसरीवर खिळ्याला टांगलं. काटा बराच खाली दिसला. समुद्रसपाटीपासून उंच आल्यावर काटा खाली दिसतोच, यंत्र इथल्यासाठी जुळवून घ्यावं लागतं, असं मी जमलेल्यांना सांगितलं. जुळवून मात्र घेतलं नाही, कारण लागणारा बारीक स्क्रूड्रायव्हर रत्नागिरीला राहिला होता. शेवंताबाईंनी त्याच्याकडे दोन वेळा पाहून घड्याळ बंद आहे असं जाहीर केलं.

सोमवार : तलावाच्या पाळीवर

सकाळी गावच्या तलावावर फिरायला गेलो. हे तलाव इथे गावोगाव, जुने आणि मोठे. पाळीवर पाहतो तर सात-आठ डोंगे, म्हणजे तलावात मासेमारीला वापरतात त्या लहान होड्या, पाण्याबाहेर काढून ओळीने उपडे घातलेले. शेजारी रेवाराम नावाचे गृहस्थ मोबाईलवर त्यांचे फोटो काढत होते. ते ढिवर समाजाचे आणि गावच्या मच्छीमार संस्थेचं कामकाज पाहणारे. मी विचारलं, आज सुट्टी का? त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला.

वाचलं आणि खाली पाळीवरच बसलो. बंगालच्या उपसागरात उबदार पाण्यावर तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन चक्रीवादळाचं रूप घेईल, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये, नौका तातडीने किनाऱ्यावर घ्याव्यात. माझी वाक्यं. स्वल्पविरामसुद्धा माझे. कुठल्या तरी वरच्या कचेरीने हा कागद राज्यातल्या सगळ्या मच्छीमार संस्थांना सरसकट पाठवला होता, आणि खाली शाईने लिहिलं होतं की अंमलबजावणी केल्याचे छायाचित्र तीन दिवस रोज पाठवावे. एकोडीपासून जवळचा समुद्र म्हणजे रेल्वेने एक अख्खी रात्र.

मी इतका हसलो की रेवारामांना पाणी आणावं लागलं. समुद्र कुठे आहे इथे, असं मी विचारलं.

"समुद्र नाई हे आमालेबी ठाऊक आहे जी," ते शांतपणे म्हणाले. "पन फोटो नाई पाठवला तं साह्यबाले ठाऊक नाई रायत."

गेल्या खेपेला त्यांनी फोटो पाठवला नव्हता. मग तलावात सोडायचं मत्स्यबीज आलं तेव्हा एकोडीचं नाव यादीत शेवटी गेलं होतं. तेव्हापासून कागद आला की डोंगे बाहेर, जाळी वळणीवर आणि ढिवरांची दहा-बारा माणसं तीन दिवस रिकामी. त्यांनी मलाही डोंग्यांशेजारी उभं करून एक फोटो काढला. हवामानातला माणूस हजर आहे म्हटल्यावर साहेबांना बरं वाटेल, असा त्यांचा हिशोब.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा खटकली नाही आणि खटकायला हवी होती. हा कागद ढिवरांना आला होता. शेतकऱ्यांना काहीच आलं नव्हतं. ज्यांचं सगळं उघड्यावर पडलं होतं, त्यांचा मोबाईल दिवाळीच्या शुभेच्छांनी भरलेला होता.

दुपारी जेवताना तुळशीरामजींनी तोच कागद रेवारामांकडून मागवला आणि शेवटची ओळ बोटाने दाखवली. 'जमिनीवर आल्यानंतर वादळ क्षीण होईल.' मग त्यांनी मला सरळ विचारलं.

"इवाई, तुमी तं यातलेच मानूस. चिन्नोर आजच बांधू, का अजून दोन दिस वाळू देऊ?"

ती ओळ घालण्याची पद्धतही माझीच. लोक उगाच घाबरू नयेत म्हणून मी ती सुरू केली होती. आमच्या कचेरीत बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्याला लागलं की विषय मिटायचा. तक्त्यावर बारीक फुली मारायची आणि चहा मागवायचा. किनाऱ्याच्या आत त्याचं पुढे काय होतं हे पाहणं आमचं काम नव्हतं, आणि जे आपलं काम नाही त्याबद्दल सरकारी माणसाला जी गाढ शांती असते ती माझ्याकडे भरपूर होती.

मी पान समोर घेऊन व्याख्यान दिलं. वादळाचं जेवण म्हणजे समुद्राचं उबदार पाणी. तिथून वाफ उठते, ती खाऊन ते वाढतं. जमिनीवर चढलं की पान उचललं. पुढे उपाशी, म्हणून क्षीण. एकोडीपर्यंत येईतो त्याच्यात काही उरत नाही, थोडे ढग येतील एवढंच. धान खुशाल वाळू द्या, ओलं बांधून काळं करू नका.

सगळ्यांना पटलं. नेहाच्या चेहऱ्यावर बापाचा अभिमान होता, तो मी अजून विसरलेलो नाही. कागद परत न्यायला थांबलेले रेवाराम दाराशी उभे होते. त्यांनी फक्त एक शंका काढली.

"जेवन बंद झालं, हे बराबर. पन जेवलेलं कुठी जाते जी?"

मी हसलो. असल्या साध्या प्रश्नांना हसावं लागतं, उत्तर नसलं तर जरा जास्तच. तुळशीरामजींनी दोन दिवस थांबायचं ठरवलं. काटा संध्याकाळी आणखी खाली गेला होता. मी खिळा वाकडा आहे असं म्हणून तो सरळ ठोकून घेतला.

मंगळवार : बांधीत

सकाळी उजाडलं ते राखाडी. वारा पूर्वेकडून, दमट. एकतीस वर्षं कागदावर लिहिलेला वारा मी पहिल्यांदा अंगावर घेतला. ओसरीवरून पाहिलं तर तुळशीरामजी भारे बांधायची दोरी बाहेर काढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला फार सोपं गेलं असतं.

अडचण माणसांची. कापणीच्या दिवसांत मजूर आदल्या आठवड्यात सांगून ठेवावे लागतात, ऐनवेळी गावात कुणी मिळत नाही. प्रशांतने चार घरं पालथी घातली. सगळे दुसऱ्यांच्या बांधीत. घरची आम्ही चौघं, त्यात एक शहाणा. नेहाला सातवा, ती येते म्हणाली तर शेवंताबाईंनी तिला खोलीत बसवून कडी लावली.

आम्ही भारे बांधायला वाकलो तेव्हा बारीक थेंब सुरू झाले होते. मला दोरीची गाठ मारता येत नव्हती. मी दोन्ही हातांनी कडपा गोळा करून प्रशांतच्या पुढे टाकत होतो आणि निम्मा वाटेत सांडत होतो. बांधी एवढीशी वाटली होती, ती आता संपेना.

तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रेवाराम आले. त्यांच्या मागे ढिवरांची ती दहा-बारा माणसं, बायका धरून. त्यांना त्या दिवशी दुसरं काही कामच नव्हतं. डोंगे पाळीवर उपडे, जाळी वळणीवर, आणि दिवसाचा फोटो सकाळीच पाठवून झालेला. गावात रिकामे हात फक्त त्यांचेच होते, आणि ते एका बिनडोक कागदाने रिकामे ठेवले होते. एक ओळ बांधायला, एक उचलायला, एक घराकडे न्यायला, असे ते आपोआप उभे राहिले. मला रेवारामांनी हाताला धरून धुऱ्यावर नेऊन बसवलं, आणि ते बरोबरच होतं.

दहा वाजता सर आली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच थांबली. वारा नव्हता, गडगडाट नव्हता. खवळलेलं तर काहीच नव्हतं. समुद्रावर जेवढं खाल्लं होतं तेवढं सगळं त्या क्षीण वादळाने तिथे शांतपणे बसून ओतलं. जवळपास अर्धं धान घरात आलं होतं. बाकीचं बांधीत, घोटाभर पाण्यात.

ओसरीवर आणलेले भारे शेवंताबाईंनी आणि त्या बायकांनी सोडून घरभर पसरले. पलंगावर धान, देवघरात धान, माझ्या बॅगेवर धान. रात्री सगळे धानाच्या कडेने अंग चोरून झोपले. मला झोप आली नाही. मला लाज वाटत होती, दुसरा कुठलाही शब्द इथे चालणार नाही.

गुरुवार : निघताना

पाणी उतरल्यावर मी एकटाच बांधीत गेलो. ओंब्या चिखलाला चिकटलेल्या. एक उचलली तर दाण्यांतून पांढरे कोंब बाहेर आलेले, नखाएवढे. धान कापल्यावर पाण्यात राहिलं की जागेवरच उगवतं, हे मला माहीत नव्हतं. सुकवून वाचलेलं धान बियाण्यापुरतं होईल, खायला नाही, असं तुळशीरामजींनी हिशोब करून सांगितलं. बी राहिलं हे मोठं, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्यासाठी म्हणाले असावेत. डोहाळजेवण त्या दुपारी झालं, लाखनीच्या दुकानातल्या तांदळावर. नेहा सगळ्यांदेखत भात छान झाला म्हणाली, आणि भाताचं झाकण उघडलं तेव्हा ओसरीपर्यंत काहीही आलं नाही.

निघताना मी शब्द जुळवत होतो. मोटरसायकलवर बसलो तेव्हा शेवंताबाई आल्या आणि त्यांनी कोंब आलेली एक ओंबी माझ्या सदऱ्याच्या खिशात खोचली, लग्नात फूल लावतात तशी.

"हे तुमच्या आफिसात दाखवजा," त्या म्हणाल्या. "सांगजा, क्षीण झालं का असं दिसते."

वायुभारमापक मी तिथेच ठेवून आलो. घेऊन जा असं कुणी म्हटलं नाही, ठेवा असंही म्हटलं नाही.

घरी

रत्नागिरीला आल्यावर मी जुन्या कचेरीत गेलो. माझ्या खुर्चीवर आता एक हुशार तरुण बसतो. त्याला ओंबी दाखवली आणि सुचवलं की शेवटच्या ओळीत एक वाक्य वाढवा, की वादळ क्षीण होऊन आतल्या जिल्ह्यांत पाऊस देईल, कापलेलं धान उचला. त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं की मच्छीमारांचा अंदाज किनाऱ्याशी संपतो, शेतीचा विभाग वेगळा, तसा जुना नियमच आहे. नियमाचा कागदही काढून दाखवला. खाली माझी सही होती.

डिसेंबरात उपसागरात पुन्हा एक कमी दाबाचं क्षेत्र झालं. एकोडीला तेव्हा बाकीच्या धानाची पुंजणी उघडून मळणी चाललेली असणार. या वेळी मी समुद्राकडे बघत बसलो नाही. नकाशावर बोटाने किनाऱ्यापासून साकोलीपर्यंत रेघ ओढली, तास मोजले आणि सकाळी सात वाजताच एकोडीला फोन लावला. शेवंताबाईंनी उचलला. मी घाईघाईने म्हणालो की धान झाकून घ्या, उद्या दुपारपर्यंत पाऊस येईल.

"झाकलं जी," त्या म्हणाल्या. "रेवारामचे डोंगे कालच पाळीवर आले. आता सारं गाव डोंगे पाहूनच धान उचलते."

मागे अंगणात ताडपत्री ओढल्याचा आवाज येत होता.

"आनखी काही सांगत होते काय तुमी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "नेहा कशी आहे, एवढंच विचारायचं होतं."